डब्यातली वेळ

विहीर थोरल्यांच्या शेतात होती आणि तिच्यावरची मोटर धाकट्यांची होती. त्यामुळे भांडल्याशिवाय दोघांपैकी कुणालाच पाणी मिळत नसे. थोरल्यांनी विहिरीला कुलूप लावलं असतं तर त्यांच्याकडे नुसतं पाणी उरलं असतं, वर न येणारं. धाकट्यांनी मोटर उचलून नेली असती तर त्यांच्या अंगणात नुसतं लोखंड. ही गोष्ट दोघांनाही नीट कळत होती, म्हणूनच दर उन्हाळ्यात दोघंही एकमेकांना अगदी निर्धास्तपणे तीच धमकी देत.

दोघं सख्खे भाऊ. घरं एकमेकांना लागून, मध्ये काटेरी कुंपण. बोलणं बंद. पण बोलणं बंद म्हणजे भांडण बंद, असं काही नसतं. थोरल्यांना काही सांगायचं असलं की ते कुंपणाशी येऊन आपल्या गाईला सांगत आणि धाकटे अंगणातल्या शेळीला उत्तर देत. जनावरं समजूतदार होती. मध्ये बोलत नसत.

भांडण पाळीचं होतं. सहा तास थोरल्यांचे, सहा तास धाकट्यांचे, अशी पाण्याची पाळी वडिलांनी घालून दिली होती. पाळी घालून दिली, पण घड्याळ घालून द्यायचं राहिलं. थोरल्यांच्या भिंतीवरचं घड्याळ उशीर होऊ नये म्हणून मुद्दाम पुढे ठेवलेलं. धाकट्यांचं घड्याळ सेल संपत आल्यामुळे मागे. थोरले आपल्या घड्याळाप्रमाणे वेळेवर विहिरीवर येत आणि धाकटे आपल्या घड्याळाप्रमाणे वेळेवर मोटर बंद करत. माणसं दोन्ही सचोटीची. मधला जो वेळ उरे, तो फावड्याच्या दांड्यावर रेलून, एकमेकांकडे पाठ करून, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करण्यात जाई. खानदान एकच असल्यामुळे फार काही मोडतोड होत नसे.

यंदा मात्र लाइटीचा ताल सुटला होता. केव्हा येईल, केव्हा जाईल, नेम नाही. थोरल्यांच्या पाळीत लाइट गेली आणि धाकट्यांच्या पाळीत आली, की थोरले गाईला म्हणत, ते पाणी माझं. धाकटे शेळीला म्हणत, पाळी माझी आहे, लाइट त्याच्या वडिलांची नाही. वडील एकच असल्याचं त्यांच्या पुन्हा लक्षात येत नसे. तिकडे विहिरीचं पाणी खाली गेलेलं. धाकट्यांचे टोमॅटो फुलावर होते आणि पाण्याचा ताण बसला की फूल गळतं. थोरल्यांचा कोबी गड्डा धरत होता. त्यालाही पाणी हवं होतं, आणि आत्ता हवं होतं.

एका सकाळी थोरल्यांनी गाईला निर्वाणीचं सांगितलं, "येत्या बाजारापर्यंत पाळीची तड लागली नाही, तर विहिरीवर जाळी टाकतो आणि जाळीला कुलूप. ऐकतेस ना?"

धाकट्यांनी शेळीला सांगितलं, "जाळी पडायच्या आधी मोटर वर निघेल म्हणावं."

या वेळी दोघांच्याही आवाजात नेहमीचा निर्धास्तपणा नव्हता. आणि नेमके त्याच आठवड्यात धाकट्यांचे जावई सासुरवाडीला आले होते.

जावई शहरात एका गोदामात कंप्युटरकडे बघत. म्हणजे कंप्युटर बंद पडला की ते त्याच्याकडे बघत, आणि बरेचदा तो सुरूही होई. गोदामाचं छप्पर बदलायला काढल्यामुळे त्यांना रजा मिळाली होती. खावं, पडावं, बायकोच्या लहानपणीच्या गोष्टी ऐकून हसावं, एवढाच त्यांचा बेत होता. पण जेवताना सासऱ्यांनी पाळीचा विषय काढला आणि बायकोने भात वाढता वाढता म्हटलं, "हे करतील."

"काय करतील?" सासऱ्यांनी विचारलं.

"काय करीन?" जावयांनीही विचारलं.

"अहो, तुम्ही गोदामात पंखे नाही का लावलेत, आपोआप सुरू होतात, आपोआप बंद होतात? तो तुमचा पत्त्याच्या पानाएवढा कंप्युटर. तो मोटरीला लावायचा. ज्याची पाळी त्याच्याच मोबाइलवरून मोटर सुरू होईल. पाळी संपली की आपोआप बंद. ना काकांचं घड्याळ, ना बाबांचं. तिसऱ्याचं घड्याळ."

सासरे घास हातात धरून विचार करत राहिले. तिसऱ्याचं घड्याळ ही कल्पना त्यांना पटली. थोरल्याचं नसलेलं कुठलंही घड्याळ त्यांना पटलंच असतं.

कुंपणापलीकडून गाईला सांगितल्याचा आवाज आला, "करू दे. जावई शिकलेला आहे. बाजारापर्यंत वेळ आहे."

अशा रीतीने जावयांचा होकार सर्वानुमते मंजूर झाला.

पंख्यांसाठी आणलेल्यातला एक जादाचा कंप्युटर जावयांच्या बॅगेत होता. हिरवी पट्टी, तिच्यावर काळे ठिपके, कडेला चार भोकं. सासूबाईंनी तो बघून विचारलं, "बाकीचा कुठाय?" बाकीचा नव्हताच. त्याला पडदा नव्हता, म्हणून घरातला टीव्ही लागला. टीव्ही ओसरीत, समोर चटई, चटईवर जावई. बाजूला सासरे, मागे सासूबाई, खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून पलीकडच्या थोरल्या काकू. जावयांनी मोबाइलचा चार्जर त्या पट्टीला लावला. टीव्हीवर एक चित्र आलं आणि गेलं. परत आलं. परत गेलं.

"जाहिरात लागली का?" काकूंनी विचारलं.

जावई दुपारपर्यंत आतल्या मेमरी कार्डावर संशय घेत राहिले. कार्ड काढलं, पुसलं, फुंकर मारून घातलं. पाठीला घाम, मांडीला मुंग्या. शेवटी कळलं की चार्जरच अशक्त होता. मोबाइलपुरतं त्याचं बळ होतं, पण एवढं डोकं चालवायला पुरत नव्हतं. मेव्हण्याचा जुना जाडा चार्जर अडगळीतून निघाला आणि चित्र टिकलं.

"खायला कमी पडत होतं त्याला," सासूबाई म्हणाल्या आणि जावयांकडे बघून आणखी एक पोळी आणायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर बसवायचा होता. सर्व्हर म्हणजे आतला वाढपी, असं जावयांनी सोप्या शब्दांत सांगितलं. मोबाइलवरून मागितलं की तो पान वाढतो. हा वाढपी इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा होता आणि इंटरनेट फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळत होतं. जावयांनी आपला मोबाइल टाकीवर नेऊन एका विटेखाली ठेवला. त्याची रेंज खाली ओसरीपर्यंत कशीबशी पोचली. वाढपी यायला निघाला आणि दारातच अडला. टीव्हीवर लाल अक्षरं आली.

"काय म्हणतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

जावयांनी पुन्हा एकदा वाचलं. "म्हणतंय, समोरच्याचा दाखला खोटा आहे."

"का?"

"दाखला यंदाचा आहे. आणि ह्याच्या मते अजून गेलं वर्षच चालू आहे."

"ह्यात काय नवल?" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांच्या मते माझी लग्नातली साडी अजून नवीच आहे."

जावयांनी हाताने आजची तारीख घातली, वेळ घातली, आणि दाखला खरा ठरला. पट्टीला आपणहून वेळ का ठाऊक नव्हती, हा प्रश्न इथेच विचारायला हवा होता. पण अडलेली गाडी धक्का मारून सुरू झाली की ती का अडली होती, हे उतरून बघायला कोण जातो? वाढपी आत आला, जागेवर बसला. संध्याकाळी टीव्हीवर एक सुंदर पान उघडलं. वर लिहिलेलं 'पाळी', खाली 'थोरले' आणि 'धाकटे', दोन गोल बटणं. सासऱ्यांनी टाळी वाजवली. काकूंनी खिडकीतून विचारलं, "आमच्या मोबाइलवर कधी?"

"आत्ता," जावई म्हणाले. हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता.

मोबाइलवर पान उघडेना. सासऱ्यांच्या उघडेना, बायकोच्या उघडेना, काकूंचा तर गजांतून आत घेऊन बघितला, त्याच्यावरही उघडेना. टीव्हीवर मात्र झळकत होतं. पुढचा अख्खा दिवस जावयांनी ओसरीत काढला. उन्हाने पत्रा तापून कडकड वाजत होता. थोरले आपल्या शेतात जाताना एकदा आणि येताना एकदा कुंपणाशी थांबले आणि गाईला म्हणाले, "अजून टीव्हीच बघतायत."

मधल्या वेळेत सासऱ्यांनी दारातून हाक मारली, "जावईबापू, जरा येता का? मोटर पाणी ओढत नाहीये. फुटबॉलमध्ये कचरा अडकलाय."

जावयांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. विहिरीवर गेल्यावर कळलं की पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाला जी जाळीदार झडप असते, तिला इथे फुटबॉल म्हणतात. पॅन्ट गुडघ्यावर दुमडून ते दगडाच्या पायऱ्या उतरले. खाली अंगाला गार वाटलं. पाणी पोटरीभर सोडून बाकी सगळी विहीर कोरडी होती. भिंतीवर जुन्या पाण्याच्या रेषा, एकीखाली एक. दोघांनी मिळून पाइप वर घेतला, जाळीतलं शेवाळ नखांनी काढलं. पाइपाच्या पत्र्याने जावयांचा तळवा कापला. सासऱ्यांनी शेवाळाचाच बोळा त्यावर दाबून धरला.

"ह्याच्यावरच चाललंय सगळं," सासरे हळूच म्हणाले. पाण्याकडे बघत म्हणाले. "दोघांना पुरेल, जेमतेम. पण भांडत बसलो तर एकालाही नाही. मला कळतं हो. त्यालाही कळतं."

"मग बोलत का नाही तुम्ही?"

"त्याने आधी बोलायला पाहिजे."

जावई वर आले, चिखलाच्या पायांनी चटईवर बसले आणि तिसऱ्यांदा तीच ओळ वाचताना एकदम थांबले. मग इतक्या मोठ्याने हसले की सासूबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"सापडलं. मामा, हा फक्त स्वतःचंच ऐकतोय! स्वतःशी बोलतो, स्वतःलाच पान वाढतो. बाहेरून कुणी हाक मारली तर ओ देत नाही. त्याला सांगितलंच नाही ना मी, बाहेरच्यांचंही ऐक म्हणून."

सासऱ्यांनी कुंपणाकडे पाहिलं. "थोरल्याकडून आणलाय का?"

"आणि तुम्ही हो, बाबा?" मुलगी म्हणाली.

"मी ऐकतो. पण हाक तर मारू दे."

जावयांनी ती ओळ खोडली. तिथे त्या पट्टीचा स्वतःचा पत्ता होता. त्याजागी त्यांनी शून्य, शून्य, शून्य, शून्य लिहिलं. सगळ्यांचं ऐकायचं असेल तर स्वतःच्या जागी शून्य लिहावं लागतं, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"हे तर अवघड आहे," सासरे म्हणाले.

पण पट्टीला ते जमलं. पान मोबाइलवर उघडलं. मग जावयांनी पट्टी एका प्लास्टिकच्या डब्यात बसवली, डब्याला हवेसाठी भोकं पाडली आणि मोटरीच्या खोलीत स्टार्टरशेजारी तिच्या तारा जोडल्या. तिथेच डब्याचं स्वतःचं छोटं वाय-फाय होतं. ते दोन्ही घरांच्या अंगणापर्यंत पोचत होतं, आणि इंटरनेटशी आता काही देणंघेणं उरलं नव्हतं. टाकीवरचा मोबाइल खाली आला.

थोरल्यांच्या घरी पान दाखवायला जावई स्वतः गेले. थोरल्यांनी चष्मा लावून पाहिलं. पानावर पाळी कुणाची ते होतं, किती उरली ते होतं. बाकी काही नाही, फक्त खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख आणि वेळ.

"त्याचं नाव वर का?"

जावयांनी थोरल्यांचं नाव वर घेतलं. संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, त्याचं वर का? शेवटी थोरल्यांच्या मोबाइलवर थोरले वर आणि धाकट्यांच्या मोबाइलवर धाकटे वर, असा तोडगा निघाला. हे काम सर्व्हर बसवण्यापेक्षा किचकट होतं.

आणि मग खरोखरच शांतता झाली. बाजाराचा दिवस आला आणि गेला, जाळीचा विषय निघाला नाही. पानावर नाव आलं की ज्याची पाळी तो बटण दाबी, मोटर गुरगुरे आणि पाटातून पाणी सरकू लागे. पाळी संपली की टक्कन आवाज होऊन मोटर थांबे. मग दुसरा बटण दाबी. कधी दिवसा, कधी संध्याकाळी, पान सांगेल तेव्हा. उरलेल्या वेळात कुणी विहिरीवर फिरकेना. थोरल्यांची गाय बातम्यांशिवाय कंटाळल्यासारखी दिसू लागली.

जावई आता सासऱ्यांबरोबर दारं धरायला जात. म्हणजे एक वाफा भरला की त्याचं तोंड फावड्याने बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. पहिल्या दिवशी त्यांनी बुजवायचं ते फोडलं आणि फोडायचं ते बुजवलं. हाताला फोड आले, कंबर धरली. पण टोमॅटोच्या ओळीतून पाणी पुढे सरकताना मातीतून जो बारीक चुरचुर आवाज येतो, तो त्यांना आवडू लागला. पिवळी फुलं गळायची थांबली होती. फुलामागे हिरवा मणी दिसू लागला होता. पलीकडे कोबीची पानं सकाळी ताठ उभी असत.

एका दुपारी सासूबाईंनी दिलेला पाण्याचा तांब्या घेऊन ते मोटरीच्या खोलीशी आले. ऊन डोक्यावर होतं. सावली पायाखाली गोळा झालेली. सहज मोबाइल काढून त्यांनी पान उघडलं आणि त्यांचं लक्ष खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे सकाळ होती. सकाळही आजची नव्हे, परवाची.

जावयांनी तांब्या खाली ठेवला आणि डब्याचं झाकण उघडलं.

आता सगळं समजलं. बाजारातल्या स्वस्तातल्या स्वस्त घड्याळातही गुंडीएवढा एक सेल असतो. ह्या पट्टीत तेवढाही नव्हता. लाइट गेली की ती बेशुद्ध पडायची. शुद्धीवर आली की जिथे पडली होती साधारण तिथूनच पुढे वेळ मोजायला लागायची, मधल्या काळात जग चाललंच नाही अशा थाटात. इंटरनेट असतं तर तिने कुणालातरी वेळ विचारली असती. ते तर त्यांनीच टाकीवरून काढून आणलं होतं. दोन भावांच्या भांडणात तिसऱ्याचं घड्याळ म्हणून जो पंच बसवला, त्याच्याकडे घड्याळच नव्हतं.

हे त्यांनी फक्त बायकोला सांगितलं.

"कुणाच्या लक्षात आलंय?" तिने विचारलं.

"नाही."

"कुणाची तक्रार?"

"नाही."

"मग तुमचं काय दुखतंय?"

"अगं, पण चूक आहे ना!"

"असू दे की."

"असं कसं असू दे? उद्या कुणी जाणकार आला, त्याने बघितलं, तर काय म्हणेल?"

"इथे? जाणकार?" बायको म्हणाली. "इथे सगळ्यात मोठे जाणकार तुम्हीच."

हे ऐकून जावयांची जबाबदारी आणखी वाढली. दुसऱ्या दिवशी ते बाजारगावी गेले, दुरुस्तीच्या दुकानांतून धुंडाळत एक सेलवालं छोटं घड्याळ मिळवलं, आणून पट्टीवर खोचलं, वेळ बरोबर केली. लाइट घालवून बघितली, आणून बघितली. कोपऱ्यातली वेळ मनगटावरच्या वेळेशी मिनिटाला मिनिट जुळली. त्यांना फार समाधान वाटलं. त्या समाधानाने त्या रात्री झोपही छान लागली.

सकाळी थोरल्यांची पाळी लागली. त्यांनी बटण दाबलं, मोटर गुरगुरली, पाणी पाटाला लागलं, आणि लाइट गेली. उन्हं चढली. थोरले कोबीच्या बांधावर फावडं घेऊन बसून राहिले. दुपार व्हायला आली तेव्हा लाइट आली. पाणी पहिल्या दोन वाफ्यांपर्यंत पोचलं नाही तोच टक्कन आवाज झाला आणि मोटर थांबली. इकडे पानावर धाकट्यांचं नाव आलं. धाकट्यांनी सवयीने बटण दाबलं. मोटर परत सुरू झाली आणि पाणी टोमॅटोकडे वळलं.

थोरले फावडं खांद्यावर टाकून आले. कुंपणाशी थांबले नाहीत, गाईकडे बघितलंही नाही. कुंपणाच्या फटीतून काटे अंगावर घेत थेट टोमॅटोत शिरले. दंडावर ओरखडा उठला होता.

"जावई!" जावईबापूंतला 'बापू' गळाला होता. "काय केलंत त्या डब्याला?"

"काही नाही, थोरले मामा. दुरुस्त केला."

"काल बरोबर होता!"

"काल चुकत होता," जावई म्हणाले. इथे आपण कौतुकाला पात्र आहोत असं त्यांना अजूनही वाटत होतं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. सेल नव्हता. लाइट गेली की वेळ मोजायचा थांबायचा. परत आली की तिथूनच पुढे. त्यामुळे डबा दोन-दोन दिवस मागे पडला होता. आता तसं होणार नाही. आता जगाची जी वेळ, तीच डब्याची.

थोरले ऐकत राहिले. फावडं खांद्यावरून खाली आलं.

"थांबा. लाइट नसलेला वेळ तो मोजतच नव्हता?"

"नाही ना. तोच तर बिघाड."

"ह्याला बिघाड म्हणतात?" थोरले वळले. धाकटे चार हातांच्या अंतरावर वाफ्याच्या तोंडाशी वाकून उभे होते. कितीतरी वर्षांत थोरल्यांनी जे केलं नव्हतं, ते त्या रागाच्या भरात त्यांच्याकडून झालं. "अरे, ऐकलंस का? लाइट नसताना डबा वेळ मोजत नव्हता म्हणे!"

धाकटे सरळ झाले. आजूबाजूला शेळी नव्हती.

"ऐकलं," ते म्हणाले.

"बरोबरच आहे की मग! लाइट नाही तर पाणी नाही. पाणी नाही तर पाळी कसली चाललीय? माझ्या पाळीत गेली तर माझी थांबायची, तुझ्या पाळीत गेली तर तुझी. बुडत कुणाचंच नव्हतं."

"म्हणूनच पुरत होतं," धाकटे सावकाश म्हणाले. "मी म्हणतच होतो, यंदा पुरतंय कसं."

"आणि ह्यांनी ते दुरुस्त केलं!"

"तुला विचारलं होतं?"

"मला कुठलं? तुला?"

"नाही."

दोघा भावांनी एकदम जावयांकडे पाहिलं. दोघांचे डोळे, भुवया आणि संताप एकाच वडिलांचा होता, हे त्या वेळी स्पष्ट दिसलं.

 पाणी मात्र टोमॅटोत शिरतच होतं. तिसरा वाफा भरत आला होता. धाकट्यांनी त्या पाण्याकडे पाहिलं. आजची पाळी त्यांची होती. डब्याच्या हिशेबाने, घड्याळाच्या हिशेबाने, जगाच्या हिशेबाने. गप्प राहिले असते तर टोमॅटो आणखी चार दिवस हसले असते. त्यांनी तळहातावर थुंकी टाकली, फावडं घट्ट धरलं, आपल्या वाफ्याचं तोंड बुजवलं, दहा पावलं मागे जाऊन पाटावरचा बांध फोडला आणि पाणी कोबीकडे लावून दिलं.

"मोटर बंद करू नका, जावईबापू," ते वाकूनच म्हणाले. "सकाळचं ह्याचं राहिलंय. ते होऊ दे आधी."

 थोरले पाण्याच्या मागोमाग आपल्या कोबीकडे चालू लागले. पाणी पुढे, ते मागे. कुंपणापाशी पोचल्यावर मान न वळवता म्हणाले, "आणि तो डबा परत बिघडवा."

कुठल्याही कारागिराला असं काम कुणी सांगू नये. पण सासुरवाडी होती. संध्याकाळी मोटरीच्या खोलीत जावई डबा उघडून बसले, तेव्हा एका बाजूला सासरे आणि दुसऱ्या बाजूला थोरले बॅटरी धरून उभे होते. जावयांनी सेलवालं घड्याळ उपटून काढलं. कुणाचंही इंटरनेट लागलं तरी जगाला वेळ विचारायची नाही, अशी पट्टीला सक्त ताकीद लिहिली. एक मात्र त्यांनी सुधारलं. पूर्वी पट्टी तासातासाला वेळ लिहून ठेवायची, त्यामुळे लाइट गेल्यावर कुणाला थोडं जास्त मिळायचं. आता ती मिनिटामिनिटाला लिहील असं केलं.

"नीट बिघडवा हं," थोरले वरून म्हणाले. "अर्धवट नको. अर्धवट बिघडलेलं काही कामाचं नसतं."

"ह्याला ते कळतंय रे," धाकटे म्हणाले. "शिकलेला आहे."

थोरल्यांनी बॅटरी जरा जवळ आणली.

उन्हाळा सरता सरता एकदा जावयांनी शहरातून सासऱ्यांना फोन लावला. छप्पर झालं होतं, गोदाम सुरू झालं होतं, कंप्युटर पुन्हा बंद पडू लागले होते. पलीकडून थोरल्यांनी फोन उचलला. धाकटे टोमॅटोच्या पाट्या लावत होते म्हणे आणि मोबाइल थोरल्यांच्या बांधावर विसरले होते.

"डबा कसा आहे, थोरले मामा?" जावयांनी विचारलं.

"मस्त. एक दिवस चुकलेला नाही. फक्त तारीख जरा हळू चालते त्याची." थोरले पलीकडे चष्मा लावत असावेत. मोठमोठ्याने वाचल्यासारखं बोलू लागले. "ही बघा. डब्याच्या हिशेबाने तुम्ही अजून गेलाच नाहीत, जावईबापू. आमच्याकडेच मुक्कामाला आहात."

"असं?"

"मग? तुमची काकू विचारतेय, येताय ना जेवायला? ताट निवतंय."